महोदरला तळ नव्हता

रविवार, ५ ऑक्टोबर. काम : डक्ट साफ करणे.

दसरा नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे या खेपेला काय सापडणार याचा अंदाज होता. गमबूट, लॅबमधले जाड हातमोजे, तोंडाला दोन मास्क, फावडं, घमेलं, ब्लिचिंग पावडर. नवऱ्याला सांगितलं, तू दारातून बादल्या दे, आत येऊ नकोस; तुला उलटी झाली तर तीही मलाच काढावी लागेल.

आमची बिल्डिंग आचोळ्यात आहे. तळमजला आणि वर चार मजले, लिफ्ट नाही. आम्ही तळमजल्यावर. बिल्डिंगच्या मधोमध डक्ट आहे, म्हणजे चारी बाजूंनी भिंती असलेली उभी पोकळी. सगळ्यांच्या मोऱ्यांच्या आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिच्यात उघडतात. सांडपाण्याचे पाइप तिच्यातून खाली येतात. पाइपांखेरीजही बरंच काही खाली येतं. वरून बघणाऱ्याला खाली नुसता काळोख दिसतो. त्या काळोखात माझ्या मोरीची खिडकी आहे. डक्टमध्ये शिरायचं लोखंडी दार माझ्या घराच्या मागच्या अंगाला आहे, म्हणून किल्ली माझ्याकडे. सोसायटीचा झाडूवाला आत जात नाही. ते त्याच्या कामात धरलेलं नाही, असं तो म्हणतो. खरं आहे. ते कुणाच्याच कामात धरलेलं नाही. पण चेंबर तुंबलं की पाणी सगळ्यांत आधी माझ्या मोरीत वर येतं, तेव्हा काम माझं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सकाळी लोकांच्या लघवीच्या आणि शौचाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवते. घाणीची मला किळस येत नाही. घाण निदान आपण घाण नसल्याचा आव आणत नाही.

त्या दिवशी निघालं त्यात नवीन काही नव्हतं. केसांचे गुंते. शेवग्याच्या शेंगांचा चोथा. बांगड्याचे काटे, पेपरात गुंडाळलेले, पेपर भिजून फाटलेला. एक डायपर, पाणी पिऊन उशीएवढा फुगलेला. पॅड, ज्यांच्याबद्दल घरात चारचौघांत कुणी बोलत नाही, पण खिडकीतून सोडून देताना कुणाला काही वाटत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं इतकी, की या बिल्डिंगच्या पोटाचा रिपोर्ट मी रक्त न काढता देऊ शकेन.

आणि पिशव्या. पातळ प्लास्टिकच्या, तोंडाला दुहेरी गाठ मारलेल्या, आणि आत झेंडू. तोरणाचा झेंडू, देवीच्या माळांचा झेंडू, घटाची माती आणि तिच्यात रुजून पिवळं पडलेलं धान्य, आपट्याची पानं, उदबत्तीच्या काड्या, एक अख्खी सुपारी. बंद पिशवीत झेंडू कुजला की त्याचा काळा रस होतो. तसा वास आमच्या लॅबमधल्या कुठल्याच बाटलीला येत नाही. मला शिसारी आली ती त्या वासाने नव्हे, गाठींनी. बाकीचं सगळं लोक भिरकावतात. घाईत, कुणी बघत नाही ना ते बघून. म्हणजे आपण चुकतोय हे त्यांना ठाऊक असतं. या पिशव्या मात्र सावकाश, व्यवस्थित बांधलेल्या होत्या. टाकणाऱ्याने आधी कपाळाला लावूनच टाकल्या असणार.

“आज काय आलंय तुझ्या ढेरपोट्यावरून?” नवऱ्याने दारातून विचारलं.

“झेंडू.”

“गेल्या वेळेला नारळ होता. तुझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडला होता.”

“बादली दे.”

ढेरपोट्या म्हणजे महोदर, माझा ग्रह. त्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याच दिवशी संध्याकाळी त्याचा निकाल लागायचा होता.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर कॉलेजातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. त्यांनी वसई-विरारमधली विज्ञानकथा लिहिणारी माणसं हुडकून एक गट जमवला. आम्ही आठ जण. सरांची कल्पना अशी, की आठ जणांनी मिळून एकच विश्व रचायचं : एक सूर्य, त्याचे आठ ग्रह, आणि प्रत्येकाने एका ग्रहाचा इतिहास लिहायचा. घटना एकमेकांत गुंतलेल्या, पण लेखणी वेगळी. मग त्या सगळ्याचं एक पुस्तक. ग्रह कुणाला कुठला हे ठरवायला त्यांनी वाटीत चिठ्ठ्या टाकल्या. त्या दिवशी लॅबमध्ये एका आजोबांची शीर सापडता सापडत नव्हती, म्हणून मला पोचायला उशीर झाला. वाटीत एकच चिठ्ठी उरली होती.

“वहिनींना गॅस लागला,” कामणच्या गोदामात सुपरवायझर असलेला आमच्या गटातला एक जण म्हणाला. त्याला लढाऊ ग्रह आला होता आणि तो खुशीत होता. “बरं झालं, सिलिंडर बुक करायला नको.”

तो ग्रह कुणालाच नको होता. नुसत्या वायूचा गोळा. जमीन नाही म्हणजे किल्ला नाही, राजधानी नाही, सीमा नाही, रणांगण नाही. आपल्या लोकांना इतिहास म्हटला की आधी तटबंदी लागते. सरांनी त्याला भारदस्त नाव दिलं, महोदर, आणि मला म्हणाले, “वहिनी, आव्हान आहे.” आव्हान म्हणजे काय ते मला कळतं. सगळ्यांनी निवडून उरलेलं काम.

मी कामाला लागले. लॅबमध्ये विचारावेत तसे प्रश्न विचारले. माणसं उभी कशावर राहतात? श्वास कसला घेतात? वापरलेलं कुठे टाकतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरांनी दिली, आणि फार चांगली दिली. जिन्यात हातात दुधाची पिशवी घेऊन उभ्या उभ्या त्यांनी मला समजावलं, की तरंगायचं तर हवेपेक्षा हलकं काहीतरी फुग्यात भरावं लागतं, पण महोदरची हवा मुळातच हायड्रोजनची, तिच्याहून हलकं काय आणणार? तेव्हा तीच हवा तापवायची. गरम हवा वर ओढते. म्हणजे तिथल्या माणसाला नुसतं जागच्या जागी राहायचं तरी खाली अणुभट्टी सतत चालू हवी. “भट्टी थांबली की बुडाले,” सर म्हणाले, आणि दूध फ्रिजमध्ये ठेवायला गेले. माणूस वाईट नाही. शिकवायची हौस आहे, कुणालाही तुच्छ लेखत नाहीत. हे मी मुद्दाम सांगते आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. “ते काय, सोडून देतील,” एवढंच म्हणाले. त्या एका उत्तरावर मी अख्खा इतिहास लिहिला.

पहिल्या काळात महोदरवर माणसं गेली ती राहायला नव्हे, इंधनासाठी. बाकीच्या सात ग्रहांची यानं ज्या वायूवर चालतात तो तिथेच मिळतो, हे गटाने आधीच ठरवलं होतं. मी गरम हवेच्या फुग्यांना टांगलेले तराफे केले, एकाखाली एक, जाड दोरांनी बांधलेले. सगळ्यांत वरच्या तराफ्यावर ऊन पोचतं. तिथे शाळा, सभागृह, बागा. सगळ्यांत खाली भट्ट्या, उकाडा आणि अमोनियाचे ढग. खालचे लोक भट्ट्या सांभाळतात, इंधन काढतात आणि वर पाठवतात. अमोनियाचा वास पहिल्या पिढीला सोसवला नाही, दुसरीला सवय झाली, आणि तिसरीला विचारलं तर तिने विचारलं, कसला वास?

नको असलेली वस्तू काठावरून सोडून द्यायची. महोदरला तळ नाही. वस्तू खाली जाते, जातच राहते, दाब वाढत जातो, तिचा चुरा होतो, चुरा वितळतो. आपटल्याचा आवाज नाही, साचणं नाही, कुणाची तक्रार नाही. इतकी सोय असल्यावर माणसं ती वापरणारच. पण माणसाला नुसती सोय पुरत नाही, तिला मान लागतो. म्हणून दुसऱ्या काळात टाकण्याला नाव मिळालं. आधी मृतांना सोडत. ते ठीक, दुसरं करणार काय. मग मृताची चादर, मग त्याची भांडी, मग घरातलं जुनंपुराणं, मग उष्टं-खरकटं. काठावर उभं राहायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि हातातलं सोडायचं. याला महोदरार्पण म्हणत. डोळे मिटणं सक्तीचं होतं. खाली बघणं अशुभ. वरच्यांचं अर्पण कधी कधी खालच्या तराफ्यांच्या काठावर आपटे. खालच्यांनी जाळ्या लावल्या. वरच्यांनी त्या काढायला लावल्या, कारण अर्पण अडवणं हे पाप.

तिसरा काळ पट्ट्याचा. ग्रहाच्या पोटातून गरम वायू वर येत राहतो, आणि त्याच्याबरोबर शतकानुशतकं सोडलेल्या सगळ्याचा चुराही येऊ लागला. महोदरच्या पोटाभोवती एक तपकिरी पट्टा तयार झाला. दुरून फार सुंदर दिसे. इतर ग्रहांवरून लोक दुर्बिणी लावून बघत, सहली काढत. आमच्या गटात भुईगावचे एक निवृत्त शिक्षक आहेत, वाडीत केळी आणि फुलं करतात, चर्चच्या गायनात असतात. त्यांच्याकडे समुद्राचा ग्रह होता. त्यांनी मला विचारून आपल्या ग्रहावर रीत घातली, की नव्या नवरीच्या लुगड्याला महोदरच्या पट्ट्याच्या रंगाचा काठ असावा. पट्टा कशाचा आहे ते प्रकरण मी नंतर पाठवलं. ते वाचल्यावर त्यांनी आठवडाभर मला फोन केला नाही.

शेवट असा. पट्टा वर चढू लागला. सगळ्यांत खालचा तराफा आधी त्याच्यात गेला. भट्टीवाल्यांनी वर निरोप पाठवला, टाकणं थांबवा, आम्हाला समोरचं दिसत नाही. वर सभा भरली. महोदर रागावला आहे असं ठरलं. त्याला शांत करण्यासाठी आजवर कधी झालं नाही असं मोठं अर्पण करायचं ठरलं. इतिहासाचं शेवटचं वाक्य : ‘त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त टाकलं.’ पुढे काही नाही. पुढचं बाकीच्या ग्रहांवर दिसतं, इंधन येणं बंद होतं आणि युद्धं पेटतात.

हे वाक्य मला पुस्तकात हवं होतं. दुसरं काही नको होतं, मुखपृष्ठावर नाव मागे-पुढे झालं तरी चाललं असतं. पण सरांना शेवटांना हात लावायची सवय आहे, आणि माझं प्रकरण त्यांना भलत्याच कारणासाठी आवडलं होतं.

“वहिनी, अर्पण हा या पुस्तकाचा कळस आहे,” ते म्हणाले होते. “केवढी उदात्त संस्कृती उभी केलीत तुम्ही.”

“सर, ते लोक खरकटं टाकतायत.”

“ते बाह्य झालं. भाव बघा ना.”

तेव्हापासून मला धास्ती होती. आणि त्या रविवारी संध्याकाळी सरांच्या घरी शेवटचं वाचन होतं. ते झालं की फाइल छापखान्यात जाणार, दिवाळीपर्यंत पुस्तक येणार.

डक्टची लादी घासून, ब्लिचिंग मारून, आंघोळ करून मी तिसऱ्या मजल्यावर गेले. हाताला अजून वास येत होता. तो जात नाही, लिंबाने थोडा दबतो. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दार उघडलं. चिवडा होता, कॉफी होणार होती. सगळे जमले होते. गोदामवाला लॅपटॉप मांडून बसला होता, कारण सगळ्या इतिहासांची जुळणी त्याच्याकडे. आधीचे ग्रह भराभर झाले. मग सरांनी कागद उचलला आणि महोदरचा शेवट स्वतः वाचला.

“‘पट्टा जवळ आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि जे होतं ते सारं अर्पण केलं. आणि पट्ट्याचा रंग पालटला. तपकिरी विरून सोनेरी झाला. महोदराने त्यांचं सर्वस्व स्वीकारलं होतं.’”

“वा,” कोणीतरी म्हणालं.

“हे कुणी लिहिलं?” मी विचारलं.

“जरा हात फिरवला,” सर म्हणाले. “दिवाळीत वाचणार लोक, वहिनी. शेवटी थोडा उजेड नको का? तुमचं ते वाक्य फार कोरडं होतं.”

“कोरडं नव्हतं, सर. सकाळी मी घोट्यापर्यंत त्याच्यात उभी होते.”

त्यांना कळलं नाही. कसं कळणार. ते हसले आणि म्हणाले, लेखकाने आपल्या लेखनापासून थोडं लांब व्हायला शिकलं पाहिजे. भुईगावचे शिक्षक चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत माझ्याकडे बघत होते.

तेवढ्यात आतून स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी वाजली. मग काही क्षण काही नाही. मग टप् असा आवाज. अगदी बारीक, कुणी दूर उशी ठेवल्यासारखा. बाकी कुणी मानही वळवली नाही. मी तो आवाज ओळखला, पण वरून पहिल्यांदाच ऐकत होते. खालून तो तसा येत नाही. खालून भिंत हादरते.

“काकू, काय पडलं?”

“काही नाही गं,” काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “देव्हारा आवरला. घटाची माती राहिली होती थोडी, आणि हार.”

“डक्टमध्ये?”

“मग काय कचऱ्याच्या डब्यात घालू? त्या डब्यात सगळ्यांची कोंबडीची हाडं असतात. देवाचं ते.” त्या अगदी प्रेमाने सांगत होत्या. “आणि मी गाठ मारते हो. दोन गाठी. काही सांडत नाही.”

“काकू, खाली माझी मोरी आहे.”

“तुझी मोरी आत आहे गं. ती मोकळीच जागा आहे.”

“पूर्वी खाडीवर जायचो,” सर म्हणाले. “आता गुडघे म्हणतात नको. आणि वहिनी, मी स्वतः सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोललोय, डक्टमध्ये कचरा टाकू नका म्हणून. आठवत असेल तुम्हाला. आमच्या घरातून कचऱ्याचा कपटा जात नाही. हे निर्माल्य आहे. फुलं, पानं. मातीत मिसळून जातात.”

“माती कुठे आहे, सर? खाली लादी आहे.”

मग भुईगावचे शिक्षक शेंगदाणा तोंडात टाकून शांतपणे म्हणाले, “आमच्याकडे चर्चमध्ये अल्तारावरची फुलं वाडीत केळीच्या बुंध्याशी घालतात. माझ्याकडे द्या ना, दर रविवारी नेत जाईन.”

“त्यांचं वेगळं,” काकू मला म्हणाल्या, त्यांना नव्हे.

“विषय भरकटतोय,” सर म्हणाले. “आपण महोदरवर येऊ.”

“मी महोदरवरच आहे.”

सरांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी सांधा जुळेल. माणूस भौतिकशास्त्र शिकवत आला. उभा फुगा, दोर, वरचा तराफा, मिटलेले डोळे, खालची जाळी, हे सगळं त्याने स्वतः वाचलंय, शुद्धलेखन तपासलंय, त्याला उदात्त म्हटलंय. चष्मा परत डोळ्यांवर गेला आणि तिथे काहीही नव्हतं. फक्त सोशीकपणा होता. एखाद्या हट्टी विद्यार्थिनीकडे बघावं तसा.

“सोनेरी पट्टा ठेवायचा असेल तर महोदर पुस्तकातून काढा,” मी म्हटलं. “माझा आहे, मी परत घेते.”

“वहिनी, असं भावनेच्या भरात…”

“भावना तुमच्या शेवटात आहेत. माझ्यात नव्हत्या, हीच तर तुमची तक्रार.”

“दुसरा वायुग्रह घालू एखादा,” सर इतरांकडे बघून म्हणाले. “नाव बदलून.”

“कोण लिहिणार?” गोदामवाला पहिल्यांदा बोलला. त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. “सर, एक मिनिट. राग मानू नका. वहिनींचा ग्रह काढला तर आमची यानं कशावर चालणार? आणि सोडा तेही. तुमचा शेवट ठेवला, पट्टा सोन्याचा झाला, महोदर खूश झाला. मग इंधन बंद का होईल?”

“म्हणजे?”

“म्हणजे इंधन बंद झालं नाही तर माझं युद्धच सुरू होत नाही ना. माझी अख्खी फौज उभी राहील, ट्रक लोड करून ड्रायव्हर न आल्यासारखी. दीडशे पानं मी काय सांगणार, सगळे जेवून घरी गेले?”

समुद्राच्या ग्रहावर त्याच टंचाईने होड्या पुन्हा वल्ह्यांवर आल्या होत्या. जंगलाच्या ग्रहावर त्याच टंचाईने पहिली कुऱ्हाड पडली होती. ज्याने त्याने आपापलं पान उलटून पाहिलं. जो तो कुठे ना कुठे माझ्यावर उभा होता, आणि हे त्यांच्या त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं. माझ्या तरी कुठे आलं होतं.

सरांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, “ठीक आहे. तांत्रिक कारणासाठी मूळ शेवट ठेवू.”

तांत्रिक कारणासाठी. त्यांना इंधन कळलं. ग्रह कळला नाही.

मी गोदामवाल्याच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याने सोनेरी पट्टा पुसला, माझं पान जागेवर आणलं, आणि मी सांगितलं म्हणून शेवटचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. मग सगळ्यांसमोर फाइल छापखान्याला पाठवली. गेली असं दिसेपर्यंत मी हलले नाही.

“तसं वाक्य चांगलंय हो,” मघाशी वा म्हणालेलाच म्हणाला. “अंगावर येतं.”

काकूंनी कॉफी आणली. मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. कॉफीत जायफळ होतं, ती चांगली झाली होती. मी कप तसाच खाली ठेवला. मला दिसत होता तो फक्त काकूंचा कप धरलेला हात, स्वच्छ, नखं कापलेली, गाठ मारणारा. त्या बाईने माझ्या बाळंतपणात मला डिंकाचे लाडू आणून दिले होते. उद्या आजारी पडले तर सगळ्यांत आधी त्याच जिना उतरून खाली येतील. आणि माझ्या डोक्यावर पिशवी सोडतील.

खाली आले तर नवरा टीव्ही बंद करून बसला होता.

“मघाशी एक आलं,” तो म्हणाला. “असा दणका बसला, माझा चहा सांडला. कोण आहे कळेल तेव्हा बघतो.”

“कळलं.”

“कोण?”

सांगितलं. त्याला बारावीला सरांनी फी न घेता शिकवलं होतं. आचोळ्यात आम्हाला हे घरही त्यांनीच सुचवलं होतं. “जाऊ दे ना,” तो शेवटी म्हणाला. “फुलंच तर आहेत.”

मी त्याला डक्टच्या दाराची किल्ली दिली आणि म्हटलं, मग तू उचल. त्याने किल्ली टेबलावर ठेवली. आमच्या बिल्डिंगच्या पुढच्या गाळ्यांत एक ग्रिलवाला आहे. मी त्याला फोन लावला आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी माप घ्यायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डक्टमध्ये गेले. पिशवी धुतलेल्या लादीच्या मधोमध पडली होती, फुटली नव्हती. गाठी खरंच पक्क्या होत्या, कात्री लागली. माती आणि फुलं मी कढीपत्त्याच्या कुंडीत घातली, प्लास्टिक सुक्या कचऱ्यात. मग पहिल्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. डक्टमध्ये जाळी टाकायची म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, “कुठे? आमच्या खिडकीखाली?” मी म्हटलं, नाही, दुसऱ्या मजल्याच्या वर, तिसऱ्याच्या खिडकीच्या बरोबर खाली. ते लगेच हो म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरची बाई दात घासत होती, तिने घासता घासताच मान हलवली.

ग्रिलवाला टेप घेऊन आला आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अर्धा बाहेर वाकून वर बघत राहिला.

“मॅडम, लोक जाळी खाली मारून घेतात. एवढ्या वर मारली तर साफ कोण करणार?”

“जिच्या खिडकीसमोर येईल ती.”

त्याने टेप भिंतीला लावली. मी खाली येऊन गमबूट धुतले, उलटे करून वाळत ठेवले आणि लॅबला गेले.